डब्यातली म्हैस

“आमचे पैलवान काय डबे खात होते का?” हा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीपासून दवाखान्याच्या बाकापर्यंत कुठेही कानावर पडतो. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. समोरच्या पोराला हातातला प्रोटीन पावडरीचा शेकर खाली ठेवायला लावला की त्याचं काम झालं. पण उत्तर आहे. हो, खात होते. त्यांचा डबा चार पायांचा होता, गोठ्यात बांधलेला होता आणि दिवसातून दोनदा त्याची धार काढावी लागायची. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून फेसाळ पेला हातात देतात. तालमीतला पोरगा असं दोन लिटर दूध रोज रिचवत असेल, तर नुसत्या दुधातून त्याच्या पोटात पंच्याहत्तर-ऐंशी ग्रॅम प्रथिनं जातात. वर कुंडीत घोटलेली बदाम-खसखशीची थंडाई, तूप, आणि परवडलं तर अंडी-मटण. त्या काळच्या साध्या शेतकऱ्याच्या ताटात हे कधी होतं? घरच्या जेवणावर वरचं काही पोटात गेल्याशिवाय हौद्यात टिकाव लागत नाही, हे तालमीला पक्कं ठाऊक होतं. त्या वरच्या खाण्याला ती खुराक म्हणायची. सप्लिमेंट हा शब्द त्याहून वेगळं काय सांगतो?

हे लिहायचं कारण म्हणजे जिममध्ये एखादा तरुण कोसळल्याची बातमी आली की दरवेळी पेटणारा वाद. शवविच्छेदनाचा अहवाल यायच्या आत निकाल लागलेला असतो: पावडरीनं घेतला. मग भाकरी-पिठल्याचं माहात्म्य, आजोबांच्या पोलादी देहाच्या कथा. दुसऱ्या बाजूला तितकीच ठाम जिमवाली मंडळी, ज्यांच्या मते डब्याशिवाय दंड फुगतच नाही आणि जो नाही म्हणतो तो मागासलेला. माझं म्हणणं असं की हे दोघंही डब्याभोवतीच फुगडी घालतायत. प्रोटीन पावडर हा किराणा आहे. तूरडाळ घेताना भेसळ आहे का, भाव काय, आपल्याला लागते किती, एवढं आपण बघतो. तेवढंच इथे बघावं. तिची आरती नको आणि तिच्या नावानं बोटंही मोडायला नकोत. स्नायू वाढणार की नाही हे ठरतं अंगावर घेतलेल्या वजनानं, आणि त्याबद्दल या सगळ्या गदारोळात कोणी चकार शब्द काढत नाही.

डब्यात असतं तरी काय? घरी दूध फाडून पनीर केलं की खाली पिवळसर-हिरवट पाणी उरतं. शहाणी बाई ते फेकत नाही, त्यात कणीक भिजवते. चीजच्या कारखान्यांत हेच पाणी हजारो लिटरनं निघतं. पूर्वी ते ओढ्यात सोडून देत, नाहीतर डुकरांना घालत. पुढे ते गाळून, त्यातली साखर आणि चरबी बाजूला काढून वाळवायचं तंत्र हाती आलं आणि टाकाऊ पाण्याचं सोनं झालं. ‘व्हे’ म्हणजे हेच. ज्याला दूध पचतं त्याला या भुकटीत विष सापडायचं काही कारण नाही. आणि ही कल्पना काही कालपरवाची नव्हे. १९०० च्या आसपास युरोपात ‘प्लाझ्मॉन’ नावाची दुधातल्या प्रथिनांची भुकटी विकली जायची आणि जाहिरातीत तिची भलावण करायला खुद्द युजेन सँडो हा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू होता. अमेरिकी लेखक मार्क ट्वेननं या धंद्यात पैसे घातले आणि बुडवले. तोच सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात खेळ करून गेला. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पुढे औंधचे राजे झालेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याचं पुस्तक आणि व्यायामाचं साहित्य मागवून सुमारे दहा वर्षं त्या पद्धतीनं मेहनत केली होती. सूर्यनमस्काराचा गावोगाव प्रचार करणारे राजेसाहेब ते हेच. त्यांना सँडो करून पाहताना धर्म बुडाल्यासारखं वाटलं नाही, आणि सोडतानाही त्यांनी त्याला विष ठरवलं नाही.

प्रथिनांचा भक्तिभाव मात्र याहूनही जुना आहे, आणि तो एकदा चांगला तोंडघशी पडलेला आहे. युस्टस फॉन लीबिग हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ म्हणायचा की स्नायू काम करताना स्वतःमधली प्रथिनंच जाळतो. म्हणजे प्रथिनं हेच शक्तीचं इंधन. त्याच्या नावाचा मांसाचा अर्क बरण्या भरभरून जगभर खपला. १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस या दोन प्राध्यापकांनी एक भन्नाट गोष्ट केली. आदल्या दिवसापासून प्रथिनं बंद केली आणि पिठाच्या गोड वड्यांवर, साखरेच्या चहावर ते स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न हा डोंगर चढले. वाटेत लघवी बाटल्यांत साठवून तिच्यातला नायट्रोजन मोजला, कारण प्रथिनं जळली की तो लघवीतून बाहेर पडतो. हिशोब काय निघाला? डोंगर चढायला जेवढी शक्ती लागली तेवढी त्या काळात जळलेल्या प्रथिनांतून मिळणं शक्यच नव्हतं. इंधन दुसरं होतं. प्रथिनं म्हणजे विटा. दारात विटांचा ट्रक रिकामा केला म्हणून घर उभं राहत नाही, गवंडी लागतो. आणि गवंड्याला कामावर बोलावणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कालच्यापेक्षा थोडं जास्त वजन.

हे ज्ञान ग्रीकांकडे क्रोटोनच्या मायलो या मल्लाच्या दंतकथेत आहे. रोज वासरू खांद्यावर घेऊन चालायचा, वासराचा बैल झाला तरी उचलत राहिला. १९४५ मध्ये थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरानं तेच जखमी सैनिकांच्या गुडघ्यांवर करून दाखवलं. हलकं वजन पुष्कळ वेळा उचला, असा तेव्हाचा उपचार होता. त्यानं जड वजन थोड्या वेळा उचलायला लावलं आणि दर आठवड्याला वाढवत नेलं. पण ग्रीस-अमेरिकेत कशाला जायला हवं? आपल्या तालमीत उचलायला जड साधनं होतीच: करेल होती, संतोला होता, नाल होता. पोरगा तयार झाला की वस्ताद त्याला मुद्गलांची हलकी जोडी सोडून जड जोडी घ्यायला लावायचा. बैठका सोप्या वाटायला लागल्या की जोडीदाराला खांद्यावर घेऊन मारायच्या. हौद्याची माती खोदणं हे तर वेगळंच प्रकरण. फावडं नुसतं उचलून बघा. याला वैज्ञानिक नाव नव्हतं, पण चढतं वजन हेच होतं ते. आता आजच्या जिममध्ये तासभर कोपऱ्यात उभं राहून पाहा. गेल्या दिवाळीत जो दहा किलोचा डंबेल उचलत होता तो या दिवाळीतही दहाचाच उचलतोय. मधल्या काळात त्यानं काय बदललं? पावडरचा ब्रँड.

एवढं बोलल्यावर समोरच्या बाजूचं ऐकायला हवं, कारण त्यांच्याकडे नुसत्या आजोबांच्या कथा नाहीत. सगळ्यात वजनदार साक्ष हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची. मे २०२४ मध्ये निघालेल्या तिच्या आहारविषयक मार्गदर्शक पुस्तिकेत प्रोटीन पावडरी टाळा, असा स्पष्ट सल्ला आहे. मला तो सर्वसाधारण माणसासाठी मान्य आहे. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी शेकर हलवणाऱ्याला पावडर लागत नाही. त्याचा फायदा झालाच तर पावडर विकणाऱ्याला होतो. पण सल्ला पुरा वाचायला हवा. आपल्याकडे निरोगी प्रौढासाठी शिफारस वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वजनं उचलणाऱ्यांबाबत, किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे घेतल्यानं आणखी लाभ होत नाही, असं त्याच मजकुरात आहे. २०१८ मध्ये ४९ प्रयोग एकत्र तपासून काढलेला आकडाही तोच. म्हणजे दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. जड मेहनत करणाऱ्याला बसून राहणाऱ्याच्या जवळपास दुप्पट प्रथिनं कामी येतात, आणि त्यापुढचा प्रत्येक चमचा पैशाची नासाडी आहे. टीव्हीवरच्या वादात यातली एक बाजू एकाकडे जाते, दुसरी दुसऱ्याकडे, आणि हिशोब कोणीच मांडत नाही.

मांडूनच बघू. साठ किलोच्या पोराला जास्तीत जास्त ९६ ग्रॅम लागतील. चार ज्वारीच्या भाकरी, दोन वाट्या आमटी, भात, भाजी, एक पेला दूध, असं नीट जेवला तर पन्नास-पंचावन्नच्या घरात पोचतो. उरले चाळीस. चार अंडी आणि दोन मुठी फुटाणे घेतले की बहुतेक अंतर कापलं. अंडं चालत नसेल तर पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत सव्वीस ग्रॅम प्रथिनं असतात, चव सोडा. डब्यातल्या मापाच्या चमचाभर पावडरमध्ये चोवीस, म्हणजे चार अंड्यांएवढीच, आणि ती अंड्यांपेक्षा महाग पडते. मग पावडर कोणासाठी? सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्यासाठी. घरात अंडं शिजवायची सोय नसलेल्या, वडीही न आवडणाऱ्या शाकाहाऱ्यासाठी. सोय म्हणून ती विकत घ्यावी, जशी आपण वेळ नसला की तयार इडलीचं पीठ आणतो. त्यात लाज कसली आणि मिरवायचं तरी काय?

भेसळीचा मुद्दा मात्र मी सवलत म्हणून मान्य करत नाही, तो माझाच मुद्दा आहे. २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या २५ डब्यांवरचा प्रथिनांचा दावा आणि आतला माल जुळत नव्हता; पाच नमुन्यांत बुरशीचं विष सापडलं. हे होतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. प्रथिनं मोजायची रूढ पद्धत योहान केल्डालनं १८८३ मध्ये कोपनहेगनच्या एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत बसवली. ती खरं तर प्रथिनं मोजतच नाही, नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधते. तेव्हा स्वस्तातलं, नायट्रोजन असलेलं काहीही मिसळा, आकडा फुगतो. काही पावडरवाले ग्लायसीन, टॉरिन अशी स्वस्त द्रव्यं घालतात. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधाचा आकडा सावरायला मेलामाइन हे औद्योगिक रसायन घातलं. सहा बालकं दगावली, जवळपास तीन लाख आजारी पडली. आता सांगा, त्या प्रकरणानंतर जगानं दूध सोडलं का? चाचणी बदलली, तुरुंग भरले. आपल्याकडेही सणासुदीला खव्यात काय काय सापडतं हे आपण वाचतो. त्यावर पेढा वाईट, असं कोणी म्हणत नाही. अन्न व औषध प्रशासनानं धाड घालावी, असं म्हणतो. पावडरच्या बाबतीत हीच मागणी व्हायला हवी. डब्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक म्हणजे आतल्या मालाची हमी नव्हे. प्रत्येक घाण्याचा स्वतंत्र प्रयोगशाळेतला अहवाल, त्यात नायट्रोजन नव्हे तर प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमायनो आम्लांची यादी, आणि तो डब्यावरच्या क्रमांकावरून कोणालाही बघता यावा. ‘पावडर म्हणजे विष’ असं ओरडणाऱ्यामुळे ही मागणी मागे पडते, कारण विषाचा दर्जा सुधारा असं कोण म्हणेल?

मूत्रपिंडाची भीती मी घरातच पाहिली. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे बघायला मोजतात ते क्रिएटिनिन माझ्या भाच्याच्या रक्तात १.४, म्हणजे जास्त, आलं. डॉक्टरांनी डबा बंद करायला सांगितलं, घरात सुतक पडलं. चार दिवसांनी कळलं की पठ्ठ्या क्रिएटिन घेत होता. हे द्रव्य शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाला १८३२ मध्ये मांसात सापडलं. ते आपल्या स्नायूंत असतंच, आणि शरीरात त्याचं रूपांतर क्रिएटिनिनमध्येच होतं. जास्त घेतलं की तपासणीत जास्त दिसणार. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं सिस्टॅटिन-सी तपासल्यावर मूत्रपिंडं ठणठणीत निघाली. याचा अर्थ भीती खोटी असा नाही. ज्याचं मूत्रपिंड आधीच दुखावलेलं आहे त्याला जादा प्रथिनं त्रासाचीच, आणि आपल्याकडे मधुमेही इतके आहेत की अनेकांना ते दुखावलेलं आहे हेच माहीत नसतं. वजनं सुरू करण्याआधी एकदा तपासून घ्या, हा सल्ला चांगला. पण निरोगी पोराला घाबरवणं हा सल्ला नव्हे.

खरी घाबरायची जागा वेगळी आहे आणि ती दुकानाच्या फळीवर नसते, ट्रेनरच्या लॉकरमध्ये असते. स्टिरॉइडच्या कुप्या. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेला रक्तदाब वर आणायला वापरतात ते मेफेंटरमाइन, व्यायामाआधी जोर यावा म्हणून टोचलेलं. हृदय असल्या गोष्टींनी बिघडतं. विरोधक म्हणतात की पावडर ही या रस्त्याची पहिली पायरी आहे. मला ते थोडं पटतं: पावडर विकणारा आणि इंजेक्शन विकणारा बहुधा एकच असतो. पण ही पायरी घट्ट कोणी केली? ज्या घरात प्रथिनांची साधी भुकटीसुद्धा लपवून आणावी लागते, त्या घरातला पोरगा इंजेक्शनबद्दल विचारणार कोणाला? बापाला विचारता येत नाही, डॉक्टर ओरडतो. उरतो तो लॉकरवाला. तालमीत निदान वस्ताद होता; त्याला पोरांना काही विकायचं नव्हतं.

त्या तालमीचं सोनेरी चित्र रंगवताना आणखी एक गोष्ट सोयीनं विसरली जाते. खुराक फुकट नव्हती. खासबागेचं मैदान उभारणाऱ्या शाहू महाराजांच्या कोल्हापुरात मल्लाच्या दुधा-बदामाचा भार दरबार उचलत होता. आश्रय गेला तशी खुराक पैलवानाच्या बापाच्या शेतावर आली. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, पण तिथे जायच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं होतं. ऑलिंपिकला निघालेल्या मल्लाच्या प्रवासाची ही कथा. गावच्या जत्रेत नारळावर लढणाऱ्याच्या दुधाची काय असेल? गरिबाच्या पोराला देशी खुराक कधीच सहज मिळाली नाही. त्याला आज भाकरीवरच भागव म्हणून सांगणाऱ्यांनी पूर्वीच्या पैलवानाचं दूध मोजून बघावं.

या भांडणात ज्यांचं नाव येत नाही त्यांचंच सर्वांत जास्त नुकसान होतं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखे, आतला माल वेगळा. याज्ञिकांच्या संशोधनानं दाखवलं की पुण्याकडची बाळंसुद्धा जन्मतःच अशी असतात: वजनाला कमी, स्नायूंना कमी, चरबीला मात्र फारशी कमी नाहीत. रक्तातली साखर मुख्यतः स्नायू शोषून घेतात; स्नायू थोडे तर साखर जाणार कुठे? अशा लोकांच्या प्रदेशात वजनं उचलणं ही विशीतल्या पोरांची हौस म्हणून सोडून देणं परवडणारं आहे का? चाळिशीच्या बायकांना आपण अजून ‘वॉकला जा’ एवढंच सांगतो आणि साठीनंतर ‘जपून राहा, जड उचलू नका’.

१९९४ मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग या सगळ्या वादाला पुरून उरतो. मारिया फियाटारोने यांनी सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जर्जर म्हाताऱ्यांचे चार गट केले. एकाला पायांचा जड व्यायाम, एकाला पोषक पेय, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नुसतं पेय पिणाऱ्यांच्या अशक्तपणात काही फरक पडला नाही. डबा की भाकरी, हा प्रश्न तिथे कोणाला पडला नसेल.

माझी आई अडुसष्टची. दोन वर्षांपूर्वी पाटावरून उठताना तिला भिंतीचा आधार लागायला लागला. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीनं तिला खुर्चीत बसून उठायला लावलं: हात छातीशी, दहा वेळा. तिसऱ्या आठवड्यात आईनं छातीशी दोन किलो गव्हाची पिशवी धरली. दिवाळीला पाच किलोची झाली, आणि भिंत सुटली. संध्याकाळी ती दुधात चमचाभर पावडर घालून पिते, कारण तिचे दात डाळे-फुटाणे चावत नाहीत. परवा कोल्हापूरहून मामा आला होता. पंचवीस वर्षं तालमीत घालवलेला माणूस, कान अजून मोडलेले. ओट्यावरचा डबा पाहून मी मनातल्या मनात आवरून बसलो. आता व्याख्यान येणार. त्यानं डबा उचलला, चष्मा वर करून अक्षरं वाचायचा प्रयत्न केला आणि खाली ठेवला.

“ह्ये ऱ्हाऊ दे अक्का,” तो म्हणाला, “पिशवी कितीची केलीस?”